जेवणाच्या टेबलावर इंडक्शन शेगडी: आठ महिने वापरून झाल्यावर

इंडक्शन शेगडीचे रिव्ह्यू पुष्कळ आहेत, चहा किती मिनिटांत होतो, दूध उतू जातं का वगैरे, पण मी ती घेतली ती जरा वेगळ्या कारणासाठी म्हणून सविस्तर लिहितेय. आमच्याकडे ही शेगडी ओट्यावर नसते, जेवणाच्या टेबलावर असते. गेले आठ महिने. घरात सहा माणसं, सासूसासरे, आम्ही दोघं, मोठी मुलगी सातवीत आणि धाकटा दुसरीत.

कारण असं की आमच्या घरात फुलका तव्यावरून थेट ताटात लागतो. सासऱ्यांना तशीच सवय, नवऱ्याला तीच, आणि मुलांनाही आम्हीच ती लावली. म्हणजे व्हायचं काय, रात्री साडेआठला पानं घेतली की चौघं बसणार आणि आई म्हणजे माझ्या सासूबाई नाहीतर मी ओट्यापाशी उभं राहून एकेक फुलका फुगवून आतून बाहेर नेऊन वाढणार, आणि सगळ्यांचं उरकलं की आम्ही दोघी बसणार तेव्हा भाजी गार झालेली, वरणावर साय धरलेली आणि मुलं हात धुऊन केव्हाच उठलेली. दिवसभरात सहाही जण एका जागी असतात ती ही एकच वेळ आणि त्यातही दोघी कायम आत. आईंना तीन वर्षांपासून शुगर आहे, डॉक्टरांनी बजावलं होतं की गोळी घेतली की वेळेत जेवायचं, पण "तुम्ही बसा गं, माझं होतंय" म्हणत त्या सव्वानऊ साडेनऊ करायच्या. एकदा हात थरथरायला लागले, घाम सुटला, साखर खाल्ली आणि बऱ्या वाटल्या. त्या रात्री मी ठरवलं की हे असं चालायचं नाही.

आधी पोळ्यांचा डबा करून बघितला, चांगला जाड, आत स्टीलचा, खाली सुती फडकं, वर फडकं. घडीची पोळी त्यात छान राहते, पण फुलका वीस मिनिटांत मऊ पडतो, खालचे दोनतीन तर वाफेनं ओलेच होतात. सासरे बोलले नाहीत काही पण तीनच्या ठिकाणी दोनच खायला लागले. मग गॅसची छोटी शेगडी टेबलावर ठेवायचा विचार केला तर नवरा म्हणाला मुलांच्या तोंडासमोर जाळ नको, वर पंखाही बंद ठेवावा लागेल, ते बरोबरच होतं. म्हणून इंडक्शन.

मी घेतली ती एका शेगडीची, २००० वॉटची, साधारण २७०० रुपयांना पडली. दुकानात दोन प्रकार होते, एक टचचा आणि एक दाबायच्या बटणांचा. मी बटणांचा घेतला आणि तो निर्णय अगदी बरोबर ठरला, कारण बहिणीकडे टचचा आहे आणि कणकेच्या किंवा ओल्या बोटांना तो दाद देत नाही, दरवेळी हात पुसा मग दाबा. टेबलावर वापरणार असाल तर बटणंच बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि ह्यात आमची चूक झाली म्हणून आधी लिहिते. टेबलाजवळ आमच्याकडे साधा मोबाईल लावायचा ५-६ अँपिअरचा पॉइंट होता. शेगडीची पिन मोठी, ती तिथे बसेना म्हणून घरातला एक साधा एक्स्टेंशन बोर्ड कन्व्हर्टर लावून वापरला. दोन दिवस काही झालं नाही, तिसऱ्या दिवशी जळका वास आला, हात लावून बघितलं तर वायर चांगलीच गरम आणि पिनेजवळचं प्लास्टिक पिवळं पडलेलं. साधा हिशोब आहे, २००० वॉट भागिले २३० व्होल्ट म्हणजे जवळजवळ पावणेनऊ अँपिअर, ते सहाच्या पॉइंटमधून कसे जातील? मग वायरमनला बोलावून टेबलाशेजारच्या भिंतीवर १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट काढून घेतला, ४ स्क्वेअर एमएमची जाड वायर, स्वतंत्र एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली गेली की आपोआप पडणारा स्विच. त्याचे वेगळे चौदाशे रुपये गेले पण ते शेगडीच्या किमतीतच धरा. आणि टेबल त्या भिंतीला टेकवूनच ठेवा, वायर चालायच्या वाटेत आली तर लहान मूल अडकून गरम तवा अंगावर यायला वेळ लागत नाही.

दुसरा खर्च तव्याचा. इंडक्शन म्हणजे काचेखाली तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं, त्यात वीज फार वेगानं उलटसुलट फिरते, त्यानं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि वरचं भांडंच स्वतः तापतं. म्हणून भांडं लोखंडी जातीचं हवं, चुंबक चिकटेल असं. आमचा रोजचा पोळीचा तवा अॅल्युमिनियमचा, तो ठेवला की शेगडी टूं टूं करून बंद. पितळी पातेलं नाही, तांब्याचं नाही, आणि स्टीलचीही सगळी भांडी चालत नाहीत, काहींना चुंबक अजिबात लागत नाही. आईंच्या माहेरचा बिडाचा तवा मात्र माळ्यावर पडून होता, गंजलेला. तो मीठ आणि लिंबानं घासला, धुऊन लगेच कोरडा केला, तेलाचा हात लावून तापवला, असं चारपाच वेळा केल्यावर काळाभोर झाला, आणि तो ह्या शेगडीवर असा काही चालतो की नवीन विकत घ्यायची गरजच पडली नाही. फक्त दोन गोष्टी. बिडाचा तवा काचेवर ओढायचा नाही, उचलून ठेवायचा, नाहीतर ओरखडे पडतात. आणि एकदम १८०० वॉटवर टाकायचं नाही, सुरुवातीला ६००-८०० वर पाच-सात मिनिटं सावकाश तापू द्यायचा, बीड अचानक एकाच जागी तापलं तर तडकू शकतं.

सावकाश तापवायचं अजून एक कारण आहे आणि हे मला कुठल्या रिव्ह्यूमध्ये दिसलं नाही. आतलं वेटोळं तव्यापेक्षा लहान असतं. आमचा तवा दहा इंची आणि तापणारा भाग जेमतेम सात इंच. त्यामुळे घाईत केलं की धिरड्याचा मधला भाग करपतो आणि कडा पांढऱ्याच राहतात. आधी तवा नीट मुरवून तापवला की बीड उष्णता धरून कडेपर्यंत पोचवतं, मग फरक कळत नाही. शिवाय ह्या स्वस्तातल्या शेगड्या कमी वॉटवर सलग चालत नाहीत, काही सेकंद जोरात चालू, काही सेकंद बंद असं करत सरासरी गाठतात. पातळ तव्यावर हे लगेच जाणवतं, जाड बिडावर अजिबात नाही. डोसा, रोटी अशी तयार बटणंही आहेत तिच्यावर, मी दोनदा वापरून सोडून दिली, मधेच तापमान पाडते. हातानं १००० वॉट ठेवायचं आणि गरजेप्रमाणे वरखाली करायचं हे सोपं पडतं.

आता फुलक्यांचं. मला वाटलं होतं पोळपाट-लाटणं, कणकेचा डबा सगळं टेबलावर आणायचं आणि तिथेच लाटत लाटत जेवायचं. नाही जमलं. पिठी सगळीकडे उडते, टेबल हलतं, आणि मुख्य म्हणजे जी लाटते तिचे हात पिठाचे, ती जेवणार कधी? आठवडाभर तेच झालं, मी टेबलावर बसलेली पण जेवत नव्हते, म्हणजे ओटा सोडून टेबलावर आले एवढंच. मग आईंनीच युक्ती काढली. फुलके आत ओट्यावर गॅसवर आधीच कच्चेपक्के भाजून घ्यायचे, दोन्ही बाजूंनी पंधरा वीस सेकंद, रंग बदलला की काढायचे, डाग पडू द्यायचे नाहीत, आणि फडक्यात गुंडाळून ठेवायचे. साडेआठला सगळे एकदमच बसायचे. टेबलावर तवा १२००-१३०० वर तापलेला, एकेक फुलका टाकायचा, उलटायचा, आणि सुती फडक्याची बोळी करून कडेकडेनं दाबत फिरवायची, टम्म फुगतो. इथे जाळ नाही त्यामुळे जाळीचा उपयोग नाही, दाबूनच फुगवावा लागतो. दहातले आठ फुगतात, दोन बसके निघतात, ते मी घेते. एकाला जेमतेम अर्धं मिनिट लागतं. सासऱ्यांना पहिल्या दिवशी वाढला तेव्हा त्यांनी तो बोटानं फोडला, वाफ बाहेर आली, आणि म्हणाले "हां, हा आपला फुलका." मला तेवढं पुरलं.

मग प्रश्न आला उष्ट्या हाताचा. आईंना खरकट्या हातानं तव्याला, फडक्याला हात लावलेला चालत नाही, आणि मला त्यांचं ते पटतं, सगळ्यांचं अन्न त्यावर होणार असतं. म्हणून नियम केला की तव्याजवळ बसेल त्यानं उजव्या हातानं जेवायचं आणि उलथनं, चिमटा, फडकं सगळं डाव्या हातानं. सुरुवातीला फार अवघड गेलं, आता धाकटा सोडून सगळ्यांना जमतं, आणि तव्याजवळची खुर्ची रोज बदलते. सोमवारी सासरे, मंगळवारी मी, असं. नवऱ्यानं लग्नानंतर चौदा वर्षांत पहिल्यांदा फुलका फुगवला तो ह्या टेबलावर. सासरे ७३ वर्षांचे, रिटायर्ड माणूस, स्वयंपाकघरात चहापुरतेच यायचे, ते आता त्यांच्या वाराला फुलके इतके मन लावून करतात की मध्ये कोणी बोललेलं त्यांना ऐकू येत नाही, आणि आईंना पहिला गरम फुलका तेच वाढतात. नैवेद्याच्या दिवशी मात्र हे टेबलावरचं काही नाही, आधी ओट्यावर सगळं करून नैवेद्य दाखवायचा आणि मग बाकीचं.

फुलक्यांपेक्षाही ही शेगडी खरी खुलते ती थालीपीठ आणि धिरड्यांना. शनिवारी रात्री आमच्याकडे भाजणीचं थालीपीठ ठरलेलंच. ओल्या फडक्यावर थापायचं, मध्ये आणि चार बाजूंना भोकं, तव्यावर उलटं टाकून फडकं सोडवायचं, भोकांत तेल सोडायचं, झाकण. एकाला पाच सहा मिनिटं लागतात, आणि त्या पाच मिनिटांत गप्पा होतात, आधीच्या थालीपीठाचे सहा तुकडे होऊन लोण्याबरोबर संपतात, कोणालाच सबंध ताटभर एकदम मिळत नाही आणि त्यामुळे कोणी घाईनं उठतही नाही. जेवण आधी वीस मिनिटांत उरकायचं ते आता पाऊण तास चालतं. मोठी मुलगी शाळेतलं जे काही सांगते ते ह्याच वेळात, मी मुद्दाम विचारायला गेले की "काही नाही" एवढंच उत्तर यायचं.

घावन पण छान होतात. माझं माहेर सिंधुदुर्गातलं, तांदळाचं पातळ पीठ, तापलेल्या बिडावर ओतलं की जाळी पडायला हवी, तव्याला नारळाच्या शेंडीनं किंवा अर्ध्या कांद्यानं तेल पुसायचं. सोबत गूळ घालून काढलेला नारळाचा रस. माहेरी आई चुलीपाशी बसून करायची आणि आम्ही भावंडं भोवती, तशी बैठक मला इथे फ्लॅटमध्ये कधी मिळेल असं वाटलं नव्हतं. इथे तव्याला १४०० तरी लागतात, त्याच्या खाली जाळी पडत नाही. आंबोळीला उलट ८०० वर झाकण ठेवून. मुगाची, ज्वारीच्या पिठाची धिरडी मुलं स्वतः ओततात, आकार कसाही होतो, पण स्वतः ओतलेलं ते संपवतात, दुधीचा कीस घातलेलं सुद्धा.

भाकरी मात्र नाही जमत. म्हणजे भाजली जाते, फडक्यानं दाबून फुगतेही, पण थापायची कुठे? खुर्चीत बसून टेबलावर परात ठेवली तर हाताला उंच पडते, जोर येत नाही. भोगीला आम्ही तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या टेबलावर करून बघितल्या, एका स्टुलावर परात ठेवून, आई अर्ध्या वाकलेल्या, कंबर धरली त्यांची. ते परत करणार नाही. आता भाकरी ओट्यावरच करून फडक्यात बांधतो, भाकरी तशीही फुलक्याइतकी लवकर पडत नाही, आणि टेबलावरच्या शेगडीवर भोगीची भाजी, पिठलं नाहीतर आमटी १००-२०० वर नुसती गरम राहते. त्यासाठी चुंबक लागणारं जाड बुडाचं छोटं स्टीलचं पातेलं घेतलं, वाटीभर पिठलं शेवटपर्यंत वाफाळतं, हे सुद्धा सुख आहे.

फोडणी टेबलावर करू नका. एकदा केली, मोहरीचे थेंब उडून धाकट्याच्या हातावर आले, आणि खोलीभर ठसका. पावभाजी पण भाजी आत करून आणा, टेबलावर फक्त पाव लोण्यात भाजा.

बिलाचं बरेच जण विचारतात. आम्ही महिन्यातल्या वीसेक रात्री वापरतो, एका वेळी ३५-४० मिनिटं, सरासरी हजार वॉटच्या आत. म्हणजे दिवसाला अर्धा ते पाऊण युनिट, महिन्याला दहा ते पंधरा. महावितरणच्या बिलात १०० युनिटच्या पुढे दर एकदम वाढतो, तेव्हा तुमचा महिन्याचा वापर ९०-९५ युनिटच्या आसपास असेल तर तेवढं बघून घ्या, आमचा आधीपासूनच त्याच्या वर आहे त्यामुळे फार फरक पडला नाही. गॅस थोडा वाचतो, किती ते मी मोजलं नाही. लाईट गेली की सगळं बंद, आमचा घरचा इन्व्हर्टर हिला ओढत नाही, त्या दिवशी परत जुन्या पद्धतीनं, फरक एवढाच की आता नवरा उठून ओट्याशी जातो आणि आई बसतात.

खटकणाऱ्या गोष्टी आहेत. आतला पंखा आवाज करतो, आजूबाजूला शांतता असेल तर चांगलाच जाणवतो, सासऱ्यांना कमी ऐकू येतं त्यांना मोठ्यानं बोलावं लागतं. शेगडी बंद केली तरी पंखा थोडा वेळ चालू राहतो, तो थांबेपर्यंत पिन काढायची नाही. काच स्वतः तापत नाही असं जाहिरातीत सांगतात पण गरम तवा तिच्यावर अर्धा तास असतो, तो उचलल्यावर तीही चटका देण्याइतकी गरम असते, मुलांना हे पहिल्या दिवशीच हात जवळ नेऊन दाखवलं. सहाव्या महिन्यात वाढवायचं बटण अडकायला लागलं. वॉरंटी वर्षाची होती पण सर्व्हिस सेंटरवाल्यांनी बारा दिवस ठेवून घेतली, दोन वेळा फोन केला तर "पार्ट यायचाय" एवढंच, ह्याचा मला राग आला. दुरुस्त करून दिली, पैसे घेतले नाहीत, पण बारा दिवस फार जाणवले. चौथ्या दिवशी आई पुन्हा शेवटी जेवल्या आणि मी बघत राहिले की सवय किती पटकन मागे जाते.

घरात कोणाला पेसमेकर असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, अशा शेगडीपासून अंतर ठेवायला सांगतात, आणि टेबलावर माणूस तिच्या अगदी जवळ बसतो. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना आहे, ते जेवायला येतात तेव्हा आम्ही शेगडी लावतच नाही.

मी ५ पैकी ४ देईन, एक सर्व्हिस आणि पंख्याच्या आवाजाचा कापला. माणसं चार ते सहा असतील तर ठीक, आठदहा पाहुणे आले तर एका तव्यानं पुरं पडत नाही, लोक ताटावर थांबून राहतात, तेव्हा पोळ्यांचा डबाच बरा. आईंची शुगर परवा तपासली, डॉक्टरांनी जेवणाची वेळ विचारली तर त्या म्हणाल्या "साडेआठ, सगळ्यांबरोबर." गोळी आता बरोबर सव्वाआठला घेतात.

घ्यायची ठरवलीत तर आधी टेबलाजवळचा पॉइंट बघा आणि मग घरातले तवे. फ्रिजवरचं एखादं चुंबक काढून प्रत्येक तव्याच्या बुडाला लावून बघा, माळ्यावरच्या सुद्धा, आणि नवीन घ्यायचा असेल तर तेच चुंबक दुकानात बरोबर न्या. दुकानदार "चालतो हो ताई" म्हणाला तरी लावून बघा.